बापूराव मास्तरांची धाव

बैलगाडी दिसली की आमचे बापूराव मास्तर आधी चाकाला रामराम करायचे, मग गाडीवाल्याला. चाकावरच्या लोखंडी पट्टीला, म्हणजे धावेला, दगडानं ठोकून बघायचे. खणकन वाजली तर पक्की, भद्द वाजली तर सैल. ताडकळसच्या बाजारात लोक बैलांचे दात बघायचे, अन् हे चाकाखाली वाकलेले!

आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो. निजामाच्या राज्यात मास्तरांनी इतिहास उर्दूत शिकवला, आता मराठीत. जुबान बदलली, धडा तोच. "मियाँ, सगळी करामत लोखंडाची! काशाची तलवार बड्या लोकांच्या कमरेला. लोखंड आलं अन् साध्या शिपायाच्या हातात तलवार आली. चाकाला धाव चढली, फौजेचं धान्य खडकावरून जायला लागलं. मग काय, राज्यांची धावाधाव!" ही कोटी ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. परीक्षेत 'राज्य का बुडाले?' याचं उत्तर एकानं 'धाव निसटली' असं लिहिलं, तर मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले!

बायको लवकर गेली. पोरगी सुमन त्यांनीच वाढवली. तिला बघायला आलेल्या पोराला विचारलं, "आधी काय, तांबं का लोखंड?" तो बिचारा म्हणाला, "आधी पोहे." तरी मास्तर खूश. पोरगा रेल्वेत होता ना! "रूळ, इंजन, सगळं लोखंडच की!"

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुडाव्याच्या स्टेशनाला जायला गाडी जुंपली. सुमन बसली, बाया रडायल्या. इतक्यात मास्तर चाकापाशी बसले अन् ओरडले, "थांबा! धाव सैल हाय. गाडी निघायची न्हाई."

गाडीवाला चिडला. "मास्तर, परवाच चढवलीय की!"

"इतिहास तू शिकवतोस का मी?"

व्याही घड्याळ बघायले. धाव पुन्हा चढवायची म्हणजे गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, ठोकून बसवायची, वर पाणी ओतायचं. आजची रेल्वे गेलीच म्हणा. मी वाकून दगड मारला. धाव खणखणली. तसूभर हलत नव्हती.

"मास्तर," मी हळूच म्हणालो, "पक्की हाय की हो."

"ठाव हाय मला." त्यांचे डोळे भरले होते. "माझं लोखंडाचं पुराण घरात ती एकलीच ऐकती. आजचा दिस राहू द्या तिला."

मी तसाच उठलो, अन् व्याह्यांकडं न बघता बोंब ठोकली, "अरे, लोहाराला बोलवा कुणी! धाव लय सैल हाय!"