रसाचे हात

लोटन आबांना आजवर एकही आजार शिवला नव्हता, आणि ही बातमी ते कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगत. "दवाखान्याचं दार मी फक्त दुसऱ्याले पोचवाले पाह्यलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी पाटावर बसून ते आमरस काढत होते, तेव्हाही ते वाक्य त्यांचं दोनदा म्हणून झालं होतं.

आखाजीला पितरांच्या नावानं रसाचा घास, म्हणजे आगारी, चुलीत पडेपर्यंत या घरात आंब्याचा कण कुणी जिभेवर ठेवत नसे. आठ दिवस आबा आढीतले आंबे उलटेपालटे करत होते, हुंगत होते आणि आवंढे गिळत होते. रस काढायचा तो घरच्या माणसांनीच, आणि एक नियम आबांच्या आजोबांपासून चालत आलेला: रसाचे हात उपरण्याला पुसायचे, पाण्यात घालायचे ते एकदम आगारीच्या वेळी. मध्येच धुतले तर घरातली बरकत मोरीत वाहून जाते. त्यामुळे आबा कोया पिळत होते, धुरपदाबाई सालींना लागलेला गर निपटत होत्या, लेक मोहिनी चाळणीवर रस घोटत होती, आणि तिघंही उपाशी होती.

जावई ललितराव पहिल्यांदाच आखाजीला आले होते. धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवत. त्यांनी सासऱ्यांसाठी भेट आणली होती: घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र.

"कशाले खर्च केला, पाव्हणे?" आबा हात पुसत म्हणाले. "मले काय धाड भरली? पण आनलंच आहे तर घ्या टोचून. माहा आकडा पाहून मशीनच लाजीन."

ललितरावांनी आबांचं बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. यंत्र काही लाजलं नाही. त्यावर आकडा आला चारशे शहाऐंशी.

ललितरावांचा चेहरा पडला. "आबा, सकाळी काय खाल्लं?"

"पानी."

"सकायपशीन यास्नी पानी सोडीन काहीच लिधं नई!" धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर शिरपूरकडचं. घाबरल्या किंवा चिडल्या की सासरची बोली पडवीत ठेवून त्या थेट माहेरी जात.

"उपाशीपोटी चारशे शहाऐंशी!" ललितरावांमधला मास्तर जागा झाला. "आबा, तुमची केळी पिकते तेव्हा काय होतं? कच्च्या केळीत पीठ असतं. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्या पिठाची साखर करतात. आपल्या पोटातही तेच होतं. भाकरीचं पीठ तोंडातल्या लाळेपासूनच साखर व्हायला लागतं."

"मंग मी काय पिकलो म्हनता?"

"ऐका तर. ती साखर रक्तात येते. मग इन्शुलिन पेशींची दारं उघडतं, जास्तीची साखर लिव्हरच्या गोदामात भरून ठेवतं. उपाशी असलो की लिव्हर त्यातली थोडीथोडी सोडतं. कुठलं विकर कधी चालू, कधी बंद, याचा शरीर चोख हिशोब ठेवतं. तुमच्याकडे दारं बंद आणि गोदामाचा व्हॉल्व्ह सताड उघडा!"

व्हॉल्व्ह म्हटल्यावर आबांना सगळं कळलं. ठिबकचा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला तर बागेचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना एकदम तहान लागली. ते तांब्याभर पाणी प्यायले, आणि थोड्या वेळानं मागच्या अंगणात जाऊन आले. "लघवी जास्त होते का?" जावयांनी विचारलं. आबांनी मान खाली घातली. बाहेर ऊन चव्वेचाळीसच्या पुढचं होतं आणि अख्खं गाव तांबेच्या तांबे पाणी पीत होतं, हे त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही.

"घरच्यांचंही बघू या, आनुवंशिक असतं हे," ललितराव म्हणाले. मोहिनीचा आकडा तीनशे सत्त्याहत्तर आला. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या साखरेला तोच जबाबदार आहे. मग धुरपदाबाईंचा आला तीनशे अठ्ठ्याण्णव.

"पण आई तर शिरपूरची आहे," मोहिनी म्हणाली. "ती आबांच्या रक्ताची कशी?"

ललितराव जरा अडखळले, पण मास्तर फार वेळ अडखळत नसतो. "मग पाणी असेल. तुमच्या विहिरीच्या पाण्यातच काहीतरी आहे."

"बठ्ठा घरले साखर शे!" म्हणत धुरपदाबाई मटकन खाली बसल्या.

नेमके तेव्हाच शेजारचे पितांबरभाऊ डोकावले. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला हा माणूस साखरेच्या गोळ्या खाऊन जुना झाला होता, आणि आबा दर आखाजीला त्यांच्यासमोर मुद्दाम रस-मांडे ओरपून त्यांना खिजवत. पाणी दोन्ही घरांना एकाच विहिरीचं, म्हणून ललितरावांनी त्यांचंही बोट टोचलं. एकशे एकवीस.

"विहिरीला बोल लावू नका, पाव्हणे," पितांबरभाऊ छाती काढून म्हणाले. "लोटनभाऊ, रोज सकाळी फिरत जा. आणि आजपासून कारलं."

आबांना आकड्यापेक्षा ते कारलं जास्त लागलं.

धुरपदाबाईंनी डोळे पुसले आणि कारभार हातात घेतला. नवऱ्याला त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या. रसाचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, घरात राहिला तर हा माणूस तो कुठूनही हुडकून काढील. पितरांपुरता वाटीभर रस बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "हाऊ गंज पितांबरभाऊना घरी धाडा. त्यास्नं मशीन चांगलं सांगस."

"अक्का, कशाला एवढा?" असं म्हणत पितांबरभाऊ लगबगीनं पुढे होऊन आपलं दार उघडायला गेले.

काठोकाठ भरलेला पितळी गंज ललितरावांनी स्वतः उचलला. आठ दिवसांची राखण, सकाळपासूनची पिळणी आणि वर्षाची वाट असं सगळं एकत्र अंगण ओलांडून चाललेलं आबा खांबाला टेकून बघत राहिले. त्यांना खरंच रडू आलं. बाप गेला तेव्हा ते सगळ्यांदेखत रडले नव्हते, पण आज उपरणं डोळ्यांपर्यंत गेलं.

ललितराव रुमालाला बोटं पुसत परत आले. "घाबरू नका, आबा. निरोगी माणसाचा आकडा कसा असतो ते दाखवतो, म्हणजे आपल्याला कुठवर उतरायचंय ते कळेल." त्यांनी ऐटीत स्वतःचं बोट टोचलं.

चारशे एकेचाळीस.

ललितरावांनी यंत्र उलटं धरून पाहिलं, हलवून पाहिलं, आणि मग पाटावर बसले. "मला घाम येतोय का गं?" त्यांनी बायकोला विचारलं. "गाडी काढा. भुसावळला जाऊ. आत्ताच्या आत्ता!"

"पाव्हणे, तुमी तर रात्रीच आले," आबा म्हणाले. "विहिरीनं एवढी घाई केली?"

"आगारी टाकल्याबिगर उंबरा ओलांडायचा नही," धुरपदाबाईंनी ठणकावलं. "पितरं उपाशी ठिवून दवाखान्यात जाशान का?"

सगळ्यांनी मोरीवर जाऊन साबण लावून हातपाय धुतले. चुलीत आगारी पडली, पितरांच्या नावानं पुजलेल्या घागरीला नमस्कार झाला. निघण्याआधी डॉक्टरांना ताजा आकडा सांगावा म्हणून ललितरावांनी आबांना पुन्हा टोचलं. एकशे बारा आला. धुरपदाबाईंचा अठ्ठ्याण्णव, मोहिनीचा नव्वद आणि त्यांचा स्वतःचा एकशे दोन.

आबांनी वर बघून हात जोडले. "पितरं पावले! बठ्ठी साखर घेऊन गेले!"

"आबा, पितरं नाही, साबण," मोहिनी म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "आंबा पोटात कुणाच्याच नव्हता, पण बोटांवर सगळ्यांच्या होता. तुम्ही गंज नेलात, तेव्हा तुमच्याही."

ललितरावांचे कान लाल झाले. "पट्टीवर एक विकर असतं," ते हळूच म्हणाले. "ते फक्त साखर ओळखतं. ती रक्तातली की हापूसमधली, हे त्याला कळत नाही. आणि स्पिरिटनं रस नीट निघत नाही. मी हे वर्गात शिकवतो."

पण आबा ऐकायला थांबलेच नव्हते. अनवाणीच अंगण ओलांडून ते पितांबरभाऊंच्या घरात पोचले. पितांबरभाऊंची तिसरी वाटी चालू होती आणि गंज अर्धा झाला होता.

"तुमच्या जावयानंच पास केलं ना मले?" पितांबरभाऊ वाटी हातानं झाकत म्हणाले.

"पास केलं, परीक्षा संपली!" आबांनी गंज छातीशी धरला आणि घरी आणला.

मग आबा जेवले. खापरावरचे मांडे कुस्करून, वर तुपाची धार सोडून, मधल्या सगळ्या वेळेचं उट्टं काढत जेवले. वाढता वाढता धुरपदाबाईंचा हात दुखला. शेवटी ढेकर देऊन त्यांनी हुकूम सोडला, "पाव्हणे, दोन तासांनी पुन्हा लावा मशीन. अन् पितांबरले बलवा. त्याचं कारलं त्याले वापस करायचं हाये."

पितांबरभाऊ आले. आबांनी सर्वांसमक्ष कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले आणि बोट राजासारखं पुढे केलं. ललितरावांनी पट्टी लावली. आकडा आला दोनशे त्रेचाळीस.

पितांबरभाऊंनी छताकडे पाहिलं.

"हात नीट धुतले गेले नही," आबा म्हणाले आणि मोरीवर गेले. पुन्हा टोचलं. दोनशे एकेचाळीस.

"पाहा, उतरू राह्यला! साबणच जुना हाये." आबा पुन्हा मोरीकडे वळले.

ललितराव सासूबाईंकडे बघून हलकेच म्हणाले, "आई, हा आकडा खरा आहे. उद्या दवाखान्यात जाऊ." धुरपदाबाईंनी मान हलवली, रात्रीसाठी झाकून ठेवलेली आबांची रसाची वाटी उचलली आणि ती मोहिनीच्या हातात दिली.

मोरीवरून आबांचा आवाज आला, "आजून एक डाव लावा, पाव्हणे! आता हात बेस निघाले!"

त्या आखाजीपासून गावात लोटन आबांइतके स्वच्छ हात कुणाचे नाहीत.