कपाटामागचा नियम

मला कोणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही, मला वाचता येतं म्हणून सांगतो. त्रेसष्टाव्या वर्षी सुनेने मला अक्षरं शिकवली आणि तेव्हापासून एकही पाटी माझ्या तावडीतून सुटलेली नाही. तुम्ही लोक लहानपणीच शिकलात, त्यामुळे पाट्या नुसत्या बघता. मी वाचतो. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' लिहिलं असेल, तर मी हलवतो.

माझी चाव्या बनवायची टपरी आहे, हॉस्पिटलच्या फाटकाला लागून. एकतीस वर्षं त्याच जागेवर. परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत पैसे भरले नाहीत, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला मिळते. हा पहिला माणूस म्हणजे घड्याळवाला. तीन वर्षं तो माझ्या टपरीकडे नव्या घराकडे बघावं तसा बघत आलाय.

पालिकेच्या कचेरीत मी शेवटच्याच दिवशी गेलो. शेवटच्या दिवसापर्यंत मुदत असं लिहिलं होतं, म्हणजे शेवटचा दिवसही आपलाच! आमची ही सोबत होती, कारण बँकेचं कार्ड तिच्या पिशवीत असतं आणि पिशवी ती कोणाच्या हातात देत नाही. रांगेत मागे वळून पाहिलं, तर घड्याळवाला! केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून.

दोन तासांनी आमचा नंबर लागला.

"सातशे चौदा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"कागदावर सातशे लिहिलंय."

"वरचे चौदा सुविधा शुल्क. कार्डाने भरताय ना, त्याचे."

"सुविधा कोणाची?"

"तुमची."

"मी दोन तास उभा आहे."

बाईंनी मशीनकडे बोट केलं. "मशीन आपोआप लावतं, आजोबा. माझ्या हातात काही नाही."

"अहो, द्या चौदा आणि चला," ही म्हणाली.

दिलेही असते. पण दोन तास रांगेत उभा राहून मी काय करत होतो? वाचत होतो! खिडकीशेजारच्या भिंतीला लोखंडी कपाट टेकवलं होतं आणि त्याच्या वरून एक जुनी पाटी डोकावत होती, शेजारीण भिंतीवरून डोकावते तशी. मी तिच्याकडे बोट केलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. मी एकेक अक्षर सुटं करून वाचतो. मागून कोणीतरी वाक्य पुरं करायला गेलं, त्याला मी गप्प केलं.

"काय-द्या-ने ठर-व-ले-ल्या शुल्का-खे-रीज एक पै-सा-ही नाग-रिका-क-डून घेता ये-णार नाही!"

रांगेतल्या सगळ्या माना पाटीकडे वळल्या.

"बरोबर आहे, काका!" घड्याळवाला ओरडला. "चौदाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे! अजिबात हटू नका! वेळ भरपूर आहे!"

तीन वर्षांत तो माझ्याशी इतक्या मायेने बोलला नव्हता. मी भारावलो.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी पाटी वाचली. मग चष्मा लावून वाचली.

"ही इथे कधीपासून आहे?"

"मी लागले त्याच्या आधीपासून," बाई म्हणाल्या.

भलतीच चावी अडकलेल्या कुलपासारखा साहेबांचा चेहरा झाला. "म्हणजे आपण बेकायदा वसुली करतोय! मशीन बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

टाळ्या! कोणी पाठ थोपटली, एकाने ग्लासभर पाणी आणून दिलं. मी हिच्याकडे पाहिलं. ही पिशवीत काहीतरी शोधत होती.

"घ्या आता सातशे," मी ऐटीत म्हणालो.

"कसे देताय?" बाईंनी विचारलं.

"कार्डाने."

"मशीन बंद आहे. तुम्हीच बंद करायला लावलंत."

"मग रोख घ्या."

"रोख सहा महिन्यांपासून बंद आहे." त्यांनी रोखीच्या खिडकीकडे मान वळवली. तिच्यात एक कुंडी ठेवली होती. झाड चांगलं वाढलं होतं.

रांगेत बातमी मागपर्यंत पोचली. आज सगळ्यांचाच शेवटचा दिवस होता. ज्याने पाणी दिलं होतं, त्याने ग्लास परत मागितला.

"किती वाजले?" मी विचारलं.

"चार चाळीस," घड्याळवाला गोड आवाजात म्हणाला. "बसा ना जरा, काका. दमला असाल."

एकतीस वर्षं, चौदा रुपयांपायी! तेवढ्यात ही म्हणाली, "मला काही वाचता येत नाही. पण पाटी कपाटाच्या मागेही आहे ना?"

सगळ्यांनी कपाटाकडे पाहिलं.

सहा जणांनी आणि साहेबांनी मिळून ते सरकवलं. घड्याळवाल्याची कंबर नेमकी तेव्हाच दुखायला लागली. खाली आणखी एक नियम निघाला! मी वाचायला पुढे झालो.

"तुम्ही नको!" अख्खी रांग ओरडली.

साहेबांनी वाचला. "मात्र नागरिकाने स्वतः लेखी मागणी केल्यास, सोयीसाठी येणारा खर्च त्याच्याकडून घेता येईल."

"लिहा, आजोबा," बाईंनी कागद पुढे सरकवला. "कायदा तुम्ही काढलात, अर्जही तुम्हीच लिहा."

जन्मभर मी अंगठे दिले. हा माझ्या हातचा पहिला अर्ज. 'माननीय साहेब, कृपया आमच्याकडून चौदा जास्त घ्यावेत, ही नम्र विनंती.'

"सावकाश, काका," घड्याळवाला कानाशी म्हणाला. "अक्षर बिघडेल."

हा सल्ला मला पटला. सुरुवातीला एक खाडाखोड झाली होती, म्हणून मी नवा कागद मागितला.

"अहो, टपरी जाईल!" हिने चार छप्पन्नला माझ्या हातातून कागद ओढला. "नाव घाला!" मी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घातलं. तिने खाली आपला अंगठा उठवला आणि अर्ज खिडकीत ढकलला. मागोमाग सगळ्या रांगेने सह्या केल्या. घड्याळवाल्यालाही करावी लागली. प्रतीक्षा यादीत राहायचेही पैसे पडतात आणि तेही मशीननेच भरायचे असतात.

चार अठ्ठावन्नला माझ्या हातात पावती पडली. सातशे चौदा.

आता त्या खिडकीवर नवी पाटी आहे: 'नागरिकांच्या लेखी मागणीवरून सुविधा शुल्क आकारले जाईल.' खाली पुरावा म्हणून माझा अर्ज काचेत लावलाय. परवा एकाने तो वाचला आणि मला विचारलं, "आजोबा, कोण हा दीडशहाणा?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "अक्षर मात्र सुरेख आहे."