हलू नका, काका!

"अर्ध्या तासाचं काम!" दत्तात्रेय घरत यांनी उरण सोडतानाच जाहीर केलं. "चहा घ्यायचा, हात जोडायचे आणि गोड शब्दांत न्हाय म्हणायचं. तीस वर्षं ट्रेलर चालवलाय मी, गोदू. वळण कुठे घ्यायचं ते मला नको शिकवू!"

बायकोनं, गोदूनं, नुसता पदर खोचला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, रुचितानं, स्वतःच नवरा पसंत केला होता, रेवदंड्याचा हर्षद. जुन्या किल्ल्याच्या कोटाच्या आत घर, शाळेत चित्रकलेचा मास्तर. 'चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?' हा दत्तात्रेयांचा सवाल. अकराला हर्षदच्या घरी भेट ठरली होती.

दहालाच पोचले. नकार द्यायचा म्हणून काय रिकाम्या हातानं जायचं? गोदू पेढे आणायला बाजारात गेली. दत्तात्रेय वारा खायला समुद्राकडच्या बुरुजाखाली एका दगडावर टेकले.

"काका, हलू नका!"

ते दचकले. समोर एक तरुण बाई आणि मांडीवर कागद घेतलेली वीसेक मुलं!

"मी शिवानी. मुलांना घेऊन मुंबईहून चित्रं काढायला आलेय. असेच बसा, समुद्राकडे बघत. दहाच मिनिटं!"

वाहतूक पोलिसांखेरीज आजवर कुणी दत्तात्रेयांना इतक्या आग्रहानं थांबवलं नव्हतं! त्यांनी पाठ ताठ केली.

दहाची चाळीस मिनिटं झाली. एक मुंगळा पँटीत शिरून, घाट चढणाऱ्या ट्रकसारखा पोटरीवरून वर निघाला. खिशातला फोन थरथरून थरथरून दमला. अकरा वाजून गेले.

"मॅडम, मला अकराला..." ते ओठ न हलवता पुटपुटले.

"झालंच काका! सावल्या राहिल्यात फक्त!"

चष्मेवाली एक मुलगी तीच ती रेघ पुसत होती, अगदी रडायला आली होती. आता उठलो तर हिचं काय? दत्तात्रेय बसून राहिले.

इकडे गोदू पेढे घेऊन हर्षदच्या घरी पोचली! नवरा तिथेही नाही, फोनही उचलत नाही. हर्षदचे वडील गणराज आणि आई काशी तिच्याबरोबर शोधायला निघाले. नाक्यावर शहाळी विकणाऱ्या मोरूला विचारलं.

"पांढरा शर्ट, टक्कल? बुरुजाखाली हाय की. पोरं जमलीत बघायला. तासभर हलला न्हाय तो!"

गोदूच्या हातातले पेढे खाली पडले.

तिघं धावत सुटले. गणराजांनी शेजारून तांब्याभर पाणी घेतलं, काशीनं कांदा! दत्तात्रेयांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं पाहिलं, पण मान वळवायची सोय नव्हती.

"अवो!" गोदूनं हंबरडा फोडला. काशीनं कांदा नाकाला लावला.

"राहिल्यात..." दत्तात्रेय ओठ न हलवता म्हणाले. "राहिल्यात फक्त..."

"इच्छा राहिल्यात म्हणतात!" गोदू छाती बडवत ओरडली. "मला म्हाईत हाय! या स्थळाला न्हाय म्हणायचं राहिलं! मी सांगते त्यांना, पण तुम्ही उठा!"

"गोदू, गप!" दत्तात्रेय ताडकन उठले.

"काका, हलू नका!" वीस मुलं एकदम ओरडली.

काशीच्या हातातला कांदा हवेतच राहिला.

"म्हणजे नकार द्यायला आला होतात?" गणराजांनी विचारलं.

ब्रेक गेलेल्या गाडीतही दत्तात्रेयांना एवढा घाम फुटला नव्हता. रुचिताचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"व्हय," ते म्हणाले. "चित्रं काढणं म्हणजे बसून खायचा धंदा, असं वाटायचं मला. आज तासभर बसलो तर कंबर मोडली! आणि ती पोर बघा, एका रेघेपायी रडकुंडीला आलीय. तुमच्या हर्षदचं काम सोपं न्हाय."

गणराजांनी तांब्या त्यांच्या हातात दिला. "पाणी प्या. घर तरी बघा आधी. मग काय म्हणायचं ते म्हणा."

घर बघितलं. तीन वेळा चहा झाला. हर्षद इतका घाबरला होता, की त्यानं चौथ्यांदाही 'चहा घेणार?' विचारलं. शेवटी दत्तात्रेयच म्हणाले, "तारीख काढा!"

परतताना मुलं वेशीपाशी सामान आवरत होती. दत्तात्रेयांनी उरलेसुरले केस सारखे केले. "मॅडम, बघू तरी कसा आलोय मी!"

शिवानीनं कागद पसरले. बुरूज होता, समुद्र होता, दगड न् दगड होता.

"मी कुठाय?"

चष्मेवालीनं पेन्सिलीचं टोक टेकवलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

"हे काय, काका! बुरूज किती उंच आहे ते कळायला एक माणूस लागतो ना!"

गोदूनं वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"पोट मात्र बरोबर आलंय हो!"