खिशातला टेप

"बघ, वळला की नाही? उगाच पोराला नावं ठेवतेस!" आजोबा छाती फुगवून म्हणाले.

"मग मी हाक मारते तेव्हा का नाही वळत?" सून म्हणाली.

"तुझ्या हाकेत दम नाही, पोरी."

दम हाकेत नव्हताच, आजोबांच्या खिशात होता. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. काम सुटलं तरी खिशातला पोलादी टेप काही सुटला नव्हता. तो वीतभर ओढून सोडला की खर्रकन आत जाऊन खट् वाजायचा. नातवाला, म्हणजे टिल्लूला, दुसरं वर्ष पुरं होत आलं होतं. घरात कुणी घसा फोडून हाका मारल्या तरी तो ढिम्म, पण टेप वाजला की दुसऱ्या खोलीतून धावत यायचा. आजोबांनी हे बरोबर हेरलं होतं. तोंडाने 'टिल्लू' म्हणायचं आणि त्याच क्षणी खिशात टेप सोडायचा.

यात लबाडी आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. सुताराच्या हातून सांध्यात फट राहिली तर तो काय करतो? भुसा आणि सरस कालवून फट भरतो, वरून पॉलिशचा हात मारतो. गिऱ्हाईक खूश, सुतार खूश. आजोबांनी आयुष्यभर अशा फटी भरल्या होत्या. हीसुद्धा एक भरली.

सून मात्र पिच्छा सोडायला तयार नव्हती. "बाबा, हा डोळ्यांत बघत नाही. टाटा करत नाही. काही हवं असलं तर बोट दाखवत नाही. दिवसभर नुसती झाकणं एका रांगेत मांडतो."

"रांगेत मांडतो म्हणून तक्रार? अगं, सुताराचं रक्त आहे ते! आणि बोलण्याचं म्हणशील, तर याच्या बापानेही तीन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. आता बघ कसा पोपटासारखा बोलतो."

पोपट त्या वेळी मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला होता. 'हं' म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला.

होता होता बरेच महिने गेले. सुनेने शंका काढली रे काढली, की आजोबा हाक मारायचे, टिल्लू वळायचा, आणि सून स्वतःलाच वेड्यात काढून गप्प बसायची. शेवटी एक दिवस तिने कुणाला न विचारता मुलांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आजोबा म्हणाले, "मीही येणार." त्यांनी ठेवणीतली पँट चढवली आणि टेप खिशात टाकला. ठेवणीतल्या पँटचा खिसा फाटका आहे, हे त्यांना आठवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी टिल्लूला खेळण्यांपुढे बसवलं आणि मागून हाक मारली, "टिल्लू!"

खर्र, खट्. टिल्लू वळला.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. आजोबांनी सुनेकडे असं पाहिलं, की बिचारीने मान खाली घातली.

बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. "टिल्लू!" पुन्हा खर्र, खट्. टिल्लू पुन्हा वळला, पण बाईंकडे नाही.

"हाक मी मारतेय," बाई म्हणाल्या, "आणि हा आजोबांच्या खिशाकडे का बघतोय?"

"लळा आहे हो फार," आजोबा म्हणाले. त्यांना घाम फुटला. घाईघाईत त्यांनी टेप जरा जास्तच ओढला, आणि त्याचं टोक फाटक्या खिशातून निसटून पँटच्या आत शिरलं. ते मांडीवरून, गुडघ्यावरून गारगार सरकत खाली निघालं. आजोबांनी पाय जुळवले, मग एक पाय वर उचलला.

"आजोबा, काही होतंय का तुम्हाला?"

"छे छे, मुंग्या आल्यात."

तेवढ्यात पँटच्या पायातून पिवळी पट्टी जमिनीवर डोकावली. टिल्लू आनंदाने चीत्कारला, धावत आला आणि त्याने टोक धरून ओढायला सुरुवात केली. पट्टी निघतच राहिली, पार डॉक्टरीणबाईंच्या टेबलापर्यंत. मग टिल्लूने हात सोडला. खर्रर्र, खट्! आजोबा "आई गं!" करून खुर्चीत कोसळले.

टिल्लू टाळ्या पिटत होता. बाईंना हसू आवरेना. सून हसली नाही.

"बाबा, घरीसुद्धा हेच करत होतात?"

आजोबांनी खिशातून टेप काढून टेबलावर ठेवला.

बाईंनी हसू आवरून विचारलं, "आजोबा, आता खरं सांगा. त्याला पाणी हवं असलं तर तो काय करतो?"

"माझं मनगट धरून माठाशी नेतो. माझ्या तोंडाकडे बघत नाही. हात म्हणजे जसं एखादं अवजार. म्हणून मी आधीच पेला भरून ठेवतो. त्याची झाकणांची रांग मोडली की फार रडतो, म्हणून तिथे मी कुणाला फिरकू देत नाही."

"म्हणजे तुमच्या सगळं लक्षात आलं होतं?"

"सगळ्यांच्या आधी," आजोबा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"आणि मला वेड्यात काढलंत," सून हळू आवाजात म्हणाली.

ऑटिझमची लक्षणं दिसताहेत, बाईंनी समजावलं. आधी कान तपासू, मग बाकीच्या तपासण्या. पोर हुशार आहे, शिकेल. आत्ता सुरुवात केली तरी उशीर झाला असं नाही. "पण थोडं आधी आला असता, तर आणखी बरं झालं असतं."

हे शेवटचं वाक्य आजोबांच्या काळजात रुतलं. घरी येईपर्यंत सून त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. पुढेही कित्येक दिवस चहाचा कप समोर यायचा, पण त्याबरोबर येणारं "बाबा, चहा" बंद झालं. आजोबांना तो चहा गिळवेना.

टिल्लूला शिकवणाऱ्या ताईंनी टेप मात्र टाकू दिला नाही. "आधी हाक मारायची, मग थांबायचं. त्याने तुमच्याकडे बघितलं, तरच बक्षीस म्हणून टेप वाजवायचा," त्या म्हणाल्या. सगळ्या घरात या कामाला एवढी सवड आजोबांनाच होती. रोज संध्याकाळी ते टिल्लूसमोर मांडी घालून बसायचे.

अशाच एका संध्याकाळी सून दारात येऊन उभी राहिली.

"हात दाखवा."

आजोबांनी दोन्ही रिकामे तळवे शाळकरी पोरासारखे पुढे केले. टेप समोर जमिनीवर होता, शेजारी न प्यायलेला चहाचा कप.

"टिल्लू," त्यांनी हाक मारली आणि थांबले. अंगठा टेपसाठी नुसता शिवशिवत होता. टिल्लू झाकणं मांडत राहिला.

"वळला का?" सुनेने विचारलं. तिला दिसत होतंच.

फट समोर उघडी पडली होती आणि हाताशी भुसा नव्हता.

"नाही," आजोबा म्हणाले. "नाही वळला गं, पोरी." आणि त्यांचे डोळे भरून आले.

सून आत आली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"बाबा, चहा थंड होतोय," ती म्हणाली. "तो प्या, मग परत हाक मारा."