अंबाडी केव्हा तोडावी

आमचे शेजारी डॉक्टर टेंभेकर रोज सकाळी टाय लावून मागच्या बागेत जातात, अंबाडीचं एक पान तोडतात, डोळे मिटून ते सावकाश चावतात आणि मान हलवतात. "नाही. अजून झाली नाही." मग घरात येऊन टाय काढून ठेवतात. भाजीपाल्याला भेटायला टाय कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "अगं, राउंडला टायशिवाय कसं जायचं?" असं उलट मलाच विचारून ते मोकळे झाले.

टेंभेकरकाका मूळचे यवतमाळकडचे. इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत त्यांनी उभं आयुष्य भूलतज्ज्ञ म्हणून काढलं. निवृत्त झाले, पण भूल काही उतरली नाही. "पुरती चढल्याशिवाय सर्जनला हात लावू द्यायचा नाही," हा त्यांचा मंत्र, आणि तो ते जगातल्या कुठल्याही गोष्टीला लावतात. मी चहा गाळायला घेतला की शेजारी उभे राहून म्हणणार, "थांब, चढला नाही अजून." दही विरजलं की झाकण उचलून बघणार आणि म्हणणार, "हं, गुंगीत आहे." आमच्या मिल्टन कीन्समध्ये पावलापावलावर राउंडअबाउट, म्हणजे बिनसिग्नलचे गोल चौक. काका गाडीत माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसले, की प्रत्येक ठिकाणी "आता नाही... आता नाही..." असं चालू. मागचे लोक हॉर्न वाजवून दमतात. शेवटी काका "आता!" म्हणतात, तेव्हा नेमका समोरून ट्रक आलेला असतो.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बेसिंगस्टोकला आयटीत आहे, ती रविवारी फोन करते. उरलेले सगळे दिवस अंबाडीचे. काचेच्या ग्रीनहाउसमध्ये उन्हाळ्याच्या तोंडाशी ते बी पेरतात, मग कंबरेएवढी झाडं बाहेर कुंपणालगत मांडतात. लंडनमध्ये वेम्बलीला इलिंग रोडवर अंबाडी मिळते, पण तिच्याबद्दल काकांचं मत फार वाईट आहे. "जून असते ती. पेशंट गेल्यावर बोलावल्यासारखं आहे." अंबाडी कोवळी हवी, देठ कट्‌कन मोडायला हवा, आणि फूल यायच्या आत खुडायला हवी. फूल आलं की खेळ संपला.

आता ज्यांनी अंबाडीचं झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्याचं पान हाताच्या पंज्यासारखं, कडांना बारीक दाते असलेलं. हुबेहूब भांगेचं पान. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तिला नावसुद्धा भांगेवरून दिलंय, असं काका अभिमानाने सांगतात. आणि भांग लावणं या देशात गुन्हा आहे.

काकांच्या कुंपणापलीकडे पॉलीनबाई राहतात. प्राथमिक शाळेच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस. चर्चमधली फुलं त्याच लावतात, आणि गल्लीत कुणी कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला तर त्यांच्या भुवया वर जातात. अशा या बाई एका संध्याकाळी कुंपणावरून वाकून, आवाज खाली आणून काकांना म्हणाल्या, "डॉक्टर, यू आर पिकिंग इट फार टू सून."

"आय बेग युअर पार्डन?" काका म्हणाले.

बाईंनी मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. तरुणपणी त्या वेल्समध्ये मित्रमैत्रिणींबरोबर एका शेतावर राहायच्या, तिथे असली झाडं होती. घाई करायची नाही. फुलं येऊ द्यायची. फुलांवरचे पांढरे केस तपकिरी झाले पाहिजेत. भिंगातून पाहिलं तर बारीक बारीक थेंब दिसतात, ते काचेसारखे दिसले तर थांबायचं, दुधासारखे झाले की कात्री लावायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या दिवंगत नवऱ्याचं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंगही आणून दिलं.

झालं, तेव्हापासून कुंपणावर परिसंवाद सुरू झाला. रोज संध्याकाळी पाच वाजता अलीकडे काका, पलीकडे पॉलीनबाई. काका म्हणणार, फुलाआधी. बाई म्हणणार, फुलानंतर. "तुम्ही डॉक्टर असून इतके अधीर कसे?" "मॅडम, आय हॅव वेटेड फॉर सर्जन्स ऑल माय लाइफ, मला वाट बघायला शिकवू नका!" झाडाला वास कसा येत नाही, याचं बाईंना फार नवल वाटे. शेवटी ती काकांच्या वैद्यकीय ज्ञानाची करामत असावी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी किती वेळा मधे तोंड घालायला गेले, पण काका मला डोळ्यांनीच दटावायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत येतेय, येऊ दे. अशी कित्येक वर्षं गेली.

यंदा ऑगस्टात कोपऱ्यावरच्या घरात नवं कुटुंब आलं. त्यांच्या वरच्या खिडकीतून काकांची बाग दिसते. त्यांना जे कर्तव्य वाटलं ते त्यांनी केलं, आणि एका दुपारी काकांच्या दारात दोन पोलीस उभे राहिले. एक बाई आणि एक दाढीवाला तरुण.

मी धावत गेले. काकांनी आधी दोघांना बूट काढायला लावले. मग टाय लावून आले आणि त्यांना राउंडवर नेलं. "तुम्ही चांगल्या दिवशी आलात. आज सकाळीच झाली आहे." असं म्हणून एकेक पान दोघांच्या हातात दिलं. "च्यू." पुरावा चावून बघायची पाळी बहुधा त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी. पान आंबट लागताच तरुणाचा चेहरा लिंबू चाटलेल्या बाळासारखा झाला. काका आनंदाने ओरडले, "सी? परफेक्ट!" मी घाईघाईने फोनवर अंबाडीची माहिती शोधून दाखवत होते, तेवढ्यात बागेचं फाटक धाडकन उघडलं.

पॉलीनबाई. पायांत स्लिपर, केस विस्कटलेले, पण चेहरा शाळेच्या प्रार्थनेत उभ्या असल्यासारखा.

"ऑफिसर," त्या म्हणाल्या, "ही झाडं माझी आहेत. डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही. मी त्यांच्या जागेत लावली. मला घेऊन चला."

मग ती पोलीसबाई फार हळुवारपणे म्हणाली, "मॅडम, इट्स अ काइंड ऑफ स्पिनच."

पॉलीनबाईंनी पोलिसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. त्यावरून त्या सगळं समजल्या. त्या वळल्या आणि निघून गेल्या. या वेळी फाटक मात्र त्यांनी अगदी हलकेच लावलं.

त्यानंतर संध्याकाळचे पाच वाजले की काका कुंपणापाशी उभे राहायचे. पलीकडे कुणी नसायचं. खिडकीचे पडदेसुद्धा ओढलेले. अंबाडी झाली होती, तिला खुडायला हवी होती, पण काकांनी पानाला हात लावला नाही. मला राहवेना. मी जरा रागावूनच विचारलं, "काका, इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं? ती बाई तुमच्यासाठी तुरुंगात जायला निघाली होती!"

"सुरुवातीला मला कळलंच नाही गं, ती कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा सांगणारच होतो." चष्मा धोतराच्या टोकाने पुसावा तसं काका बाईंनी दिलेलं भिंग टायच्या टोकाने पुसत राहिले. "पण ती रोज यायला लागली होती. ही पालेभाजी आहे म्हटल्यावर कोण येतंय रोज बघायला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी एवढंच म्हणाले, "मग आता तुम्ही जा."

"मी? तिच्या घरी?" इतकी वर्षं शेजार, पण दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नव्हता. जे काही होतं ते कुंपणावरच.

दुसऱ्या दिवशी काकांनी अंबाडी खुडली, डाळ-कण्या घालून शिजवली, वरून लसणाची फोडणी ओतली. ब्लेझर घातला, पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि निघाले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. बेलपाशी ते इतका वेळ उभे राहिले, की आता हे परत फिरणार असं मला वाटलं. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. बाईही खिडकीतून बघत असाव्यात. काका आत गेले आणि चांगले दोन तास बाहेर आले नाहीत.

परत आले ते थेट आमच्याकडे. पातेलं रिकामं होतं.

"भाजी आवडली?" मी विचारलं.

"आंबट आहे म्हणाली. सगळी खाल्ली." ते खुर्चीत बसले. "म्हणाली, तुम्ही ड्रग डीलर नाही, म्हणजे मी तुमची साथीदारही नाही, मग मी तुमची कोण लागते? नुसती शेजारीण? म्हटलं, मैत्रीण. तर म्हणाली, मैत्रिणीने डॉक्टर कसं म्हणायचं? व्हॉट्स युअर नेम?"

काकांनी पातेल्याभोवतीचा टॉवेल सोडून त्याची नीट घडी घातली.

"बायको जन्मभर 'अहो' म्हणाली. मुलगी बाबा म्हणते, तू काका म्हणतेस, बाकी सगळ्यांचा मी डॉक्टर. मला मधू म्हणणारी आमची आक्का होती, तीही गेली. मला वाटलं होतं, तिच्याबरोबर ते नावही गेलं."

"मग? जमलं त्यांना म्हणायला?"

"छे गं. 'मॅडू' म्हणते." जन्मभर सगळ्यांच्या चुका काढत आलेले टेंभेकरकाका हसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "मी काही दुरुस्त करणार नाहीये."