नाही म्हणायची प्रॅक्टिस

उर्मिलाला रात्री झोप लागेना आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरताना छातीत धडधडू लागलं, तेव्हा ती दादरला समुपदेशक बकुळा मॅडमकडे गेली. परळच्या जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत ती नोकरीला होती, आणि तिथलं कुठलंही काम शेवटी तिच्याच टेबलावर येऊन पडायचं. मॅडमनी सगळं मायेनं ऐकून घेतलं.

"तुला नाही म्हणता येत नाही, बाळा. हा आठवडा फक्त तेवढंच कर. ठणकावून नाही म्हण."

उर्मिलाने घरी बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला. दुसऱ्याच दिवशी हेरंब सर टेबलापाशी आले.

"उर्मिला, शनिवार-रविवारी क्लायंटचं प्रेझेंटेशन तू बनवतेयस. काही प्रॉब्लेम नाही ना?"

उर्मिलाने छाती भरून श्वास घेतला. "नाही!"

"ग्रेट! ये हुई ना बात!" सर टेबलावर थाप मारून गेलेसुद्धा. आपण काय बोललो, हे तिला डबा उघडल्यावर कळलं.

संध्याकाळी गिरगावात घरी पाऊल टाकते तोच आई फोन हातात धरून म्हणाली, "अगं, मनमोहनमामा-मामी येतायत चार दिवस. तुझी खोली देते त्यांना. तुझी काही हरकत नाही ना?"

"नाही!" दुपारचा सगळा राग त्यात उतरला होता. फोन स्पीकरवर होता. पलीकडून मामा आईला गहिवरून म्हणाले, "बेबी, पोरीला किती माया गं! मग पंधरा दिवस राहतो."

रात्री सोफ्यावर आडवं पडून उर्मिलाने ठरवलं, आता कुणी 'प्रॉब्लेम नाही ना' विचारलं की सरळ 'हो' म्हणायचं. हो, आहे प्रॉब्लेम! सकाळी जिन्यात मंडळाचा जगन भेटला.

"ताई, रविवारच्या प्रोग्रामला निवेदन तूच करतेस. जमेल ना?"

"हो!" उर्मिला कडाडली.

"एक नंबर!" म्हणत जगन उड्या मारत खाली गेला.

सोमवारी ती मॅडमसमोर बसली, तेव्हा तिचा घसा बसला होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने कुजबुजत सगळं सांगितलं. मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"आपण लवकर भेटू या. मला मधे वेळ नाही, पण येत्या रविवारी सकाळी येशील? तुला त्रास नाही ना होणार?"

उर्मिलाने तोंड उघडलं, मिटलं. वाक्य मनात दोनदा फिरवून पाहिलं.

"होणार," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खूप त्रास होणार. रविवारी मला झोपायचंय."

मॅडमनी चष्मा काढला आणि खुर्चीत मागे रेलून मोठा सुस्कारा सोडला.

"सुटले गं बाई! मलाही झोपायचंय. किती महिने झाले, एक रविवार मोकळा नाही. पण पेशंटला नाही कसं म्हणायचं?"

उर्मिलाने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"म्हणा मॅडम, जमेल. फक्त आधी प्रश्न नीट ऐकून घ्यायचा."