हकीकत नानांच्या एका घोटाची

समस्त खाणाऱ्यापिणाऱ्या मंडळींस विदित व्हावे जे, मनुष्य दिवसातून शेकडो वेळा गिळतो आणि एकदाही त्याचा विचार करीत नाही. ऐसियास इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडील खाटेवर, एका घोटासाठी तेवीस दिवस जी मोहीम चालली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.

कोर्टाचे निवृत्त पुकारेवाले नाना, ज्यांनी छत्तीस वर्षे वादी-प्रतिवादींची नावे ऐसी पुकारिली की रस्त्याने जाणारे निरपराधही दचकून थांबत, त्यांस एके सकाळी मेंदूचा झटका आला. हातपाय बचावले, वाचा घोगरी होऊन बचावली, परंतु गळ्यातील चौकी ढासळली. गळ्याच्या तळाशी दरवाजे दोन, एक पोटाचा आणि एक फुप्फुसांचा. घास येता फुप्फुसांचा दरवाजा झटकन मिटावा, हा कदीम कायदा. तेथील पहारेकरी निम्मे निजले, आणि पाण्यासारखा सालस पदार्थ गनीम होऊन भलत्या दरवाजाने आत शिरू लागला. मग डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी घालून शब्दशः नाकेबंदी केली, आणि खाटेच्या डोईशी फर्मान डकविले की, तोंडाने काहीही देऊ नये.

ते समयी गळ्याचा कुल अखत्यार वाचाबाईंकडे आला. बाई वाचेच्या आणि गिळण्याच्या उपचारांत तरबेज. फौज एकटीची, आणि हत्यारे म्हणजे चमचा, टॉर्च व उजव्या हाताची चार बोटे. ज्या जिभेने बोलणे तिनेच गिळणे, हे सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ येत. नानांचे मेहुणे पहिल्याच भेटीत म्हणाले, "अहो, हे बोलतायत की चांगले! तुम्ही दुसरं कुणी न बोलणारं बघा."

बाईंनी राग गिळिला, आणि त्या कामास लागल्या. रोज सकाळी नानांस ताठ बसवावे, दात-जीभ स्वच्छ करवावी, नरड्यावर बोटे ठेवून कोरडाच आवंढा जोर लावून गिळवावा, आणि मग दाट रसाचा अर्धा चमचा द्यावा. कारण दाट पदार्थ सावकाश चालतो आणि पेंगुळल्या पहारेकऱ्यास उठावयास सवड देतो. येविशी मुदपाकखान्यास तीन खलिते गेले. तिन्ही वेळा 'मऊ आहार' ऐसी चिठ्ठी लावून जे सूप आले, त्यात बाईंस आपला चेहरा स्वच्छ दिसला. चौथे वेळी बाई स्वतः मुदपाकखान्यावर चालून गेल्या, आणि चमचा उलटा धरिला असता जो रस सावकाश ओघळेल तोच दाट, हे आचाऱ्यांच्या गळी उतरवून परतल्या.

आणि चौदावे दिवशी नानांस ताप चढला.

बाई धावत आल्या, छातीचा फोटो पाहिला, फुप्फुसात पाणी उतरल्याची खूण पाहिली, आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. नाना खोकलेही नव्हते. पहारेकऱ्याने हाकही न मारिता गनीम आत घेतला होता. ती फितुरी करणारे माणूस खाटेशीच पदर तोंडात धरून उभे होते.

"मीच पाणी दिलं," नानांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "दोनच चमचे. ओठ किती सुकले होते हो त्यांचे. माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवायचे."

बाईंच्या जिभेवर कठोर शब्द आले होते. ते तेथेच राहिले. फर्मान भिंतीवर तेरा दिवस लटकत होते, परंतु ते कशासाठी, हे काकूंस कोणी सांगितले? मेहुण्यांस सांगितले, आचाऱ्यांस सांगितले. जी दिवसभर उशाशी बसते तिलाच सांगावयाचे राहून गेले. ही चूक आपली, ऐसे बाईंनी मनाशी कबूल केले. ताप उतरताच काकूंची चार बोटे धरून त्यांनी नानांच्या गळ्यावर ठेविली आणि म्हणाल्या, "आता नाना गिळतील. काय होतं ते सांगा."

"वर सरकतंय काहीतरी," काकू हळूच म्हणाल्या. "अडखळत सरकतंय."

"तेच दार मिटतंय. पाणी त्याच्या आधी पोचतं. म्हणून पाणी नको."

काकूंनी बोटे काढिली नाहीत. "एवढी वर्षं हा गळा ओरडताना ऐकला," त्या म्हणाल्या, "हात कधी लावला नव्हता."

त्या दिवसापासून फौज दोघींची जाहली. इकडे थोरले डॉक्टर सहा शागिर्दांसह फेरीस आले, नाकातील नळी समोर दिसत असता "काय, जेवलात का?" ऐसे पुसते जाहले, आणि हुकूम देऊन गेले की, येत्या सोमवारपर्यंत घसा कामास न लागल्यास पोटास छिद्र पाडून तेथून नळी बसवावी. नानांनी त्या रात्री भिंतीकडे तोंड केले. दुसरे दिवशी चमचा समोर येताही ते तोंड उघडीनात. तेव्हा काकूंनी कमरेवर हात ठेवून फर्माविले, "रुसायचं घरी जाऊन. इथे गिळायचं." नानांनी तोंड उघडिले.

शनिवारी क्ष-किरणांच्या पडद्यासमोर फैसला होता. पांढऱ्या औषधाचा पातळ घोट नानांनी घेतला आणि पडद्यावर सर्वांनी पाहिले की, मान ताठ असता एक बारीक धार फुप्फुसांकडे वळली. शागिर्दांनी एकमेकांकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "नाना, हनुवटी छातीला. लहान घोट. जोर लावा." नानांनी मान खाली घातली आणि सारे बळ एकवटून गिळिले. धार दरवाजापाशी आली, क्षणभर थबकली, आणि मुकाट पोटाच्या वाटेने उतरली. पुन्हा तेच केले, आणि पुन्हा तेच जाहले.

मग खाटेवर परतून अर्ध्या कपभर चहाची परवानगी मिळाली. काकूंनी कप धरिला, नानांनी हनुवटी खाली घेऊन पहिला घोट गिळिला, आणि घोट भलत्या दरवाजाशी अडकल्यास आवाज ओला येतो, तो ओला की कोरडा हे पारखण्यास्तव बाई म्हणाल्या, "नाना, आता 'आ' म्हणा."

नानांनी 'आ' म्हटले नाही. "गार आहे हा चहा!" ऐसे ते खणखणीत, कोरड्या आवाजात गरजले.

काकू कप घेऊन लगबगीने निघाल्या आणि दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून रडल्या. बाईंनी आवंढा गिळिला, तो काही मोजला नाही.

येणेप्रमाणे तेविसावे दिवशी, दुपारी सवाचार वाजता, पातळ पदार्थाचा एक घोट सुखरूप पोटात दाखल जाहला, छिद्राचा हुकूम रद्द जाहला, आणि गळ्याचा मुलूख मूळ मालकाच्या हवाली करण्यात आला. तक्रार एकच नोंदली आहे, ती चहाची. तिच्या निवारणार्थ काकू रवाना जाहल्या आहेत.